बडनेऱ्याला हवाखाना हवा

यंदा महाराष्ट्र दिन आणि बुद्धपौर्णिमा एकाच दिवशी आले आहेत. सकाळी झेंडावंदन, दिवसभर बुद्धविहारांत खिरीची पातेली आणि तिकडे मेळघाटात पाणवठ्याकाठच्या मचाणांवर रात्रीचे जागरण. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात मचाणावर बसून पाण्यावर येणारी जनावरे मोजायची, ही वनखात्याची जुनी रीत. वाघांची मोजदाद आता कॅमेऱ्यांवर गेली, म्हणून या रात्रीला गणना न म्हणता निसर्गानुभव म्हणतात. पण नाव बदलले तरी माणसे जातातच. दुपार कलली की शिडीने वर चढायचे, सोबत पाणी आणि डबा, अत्तर लावायचे नाही, बोलायचे नाही, आणि उजाडेपर्यंत खाली उतरायचे नाही. मचाण असते ते किती उंच? फार तर दोन पुरुष. पण तेवढ्याने जमिनीवरून न दिसणारी वाट दिसू लागते, आणि त्या वाटेने कोण येते-जाते तेही.

मचाणाची आठवण निघाली ती एका टपरीवरच्या वादातून. बडनेऱ्याच्या स्टेशनाबाहेर चहा पिताना एका तरुणाने विषय काढला, की अमरावती आता मोठी झाली, विमान आले, तर मुंबईसारखी एक चाळीस-पन्नास मजली इमारत इथेही हवी आणि तिच्या माथ्यावर सगळ्यांसाठी गॅलरी हवी. लोक तिकीट काढून येतील, शहराचे नाव होईल. बाजूला बसलेल्या म्हाताऱ्याने बशीतला चहा संपवून विचारले, "वर चढून काय पाह्यशीन बावा? खालचेच गड्डे पाहून सरले नाही अजून." सगळे हसले, वाद तिथेच मिटला. आमच्या मनातून मात्र तो गेला नाही. म्हाताऱ्याचा टोला बिनतोड होता, पण तरुणाचा प्रश्नही टाकाऊ नव्हता. आपले गाव वरून, एका नजरेत, आपल्याला पाहता यावे की नाही? यावे, तर त्यासाठी गगनचुंबी इमारतच लागते का?

इंग्रजी शहरांतून आलेल्या या कल्पनेला आपल्याकडे सरकारी नाव द्यायचे झाले तर कुणीतरी 'निरीक्षण मनोरा' असा बोजड शब्द काढील आणि पाटीवर लिहून मोकळा होईल. वऱ्हाडाला त्याची गरज नाही. अकोल्याच्या असदगडात 'हवाखाना' नावाची जागा आहे. हवा खायची जागा. दिवस मावळताना वर जावे, अंगाला वारा लागू द्यावा, नदीपलीकडचा मुलूख डोळ्यांखालून घालावा, एवढे सगळे त्या एका शब्दात येते. पुढे आम्ही हाच शब्द वापरणार आहोत.

हवाखाना किल्ल्यात असे, ही गोष्ट मात्र विसरण्यासारखी नाही. उंची ही आपल्याकडे कायम कुणाच्या तरी मालकीची राहिली. गाविलगडावरून सगळा पयानघाट दिसे, पण पाहणारा असे किल्लेदार. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने भोसल्यांकडून तो गड घेतला, तेव्हा फक्त पाहणारा बदलला. अमरावतीचा परकोट निजामाच्या राजवटीत 1807 पासून बांधला गेला तो पेंढाऱ्यांपासून इथल्या सावकार-व्यापाऱ्यांची दौलत राखायला. जवाहर गेट, अंबागेट, नागपुरी गेट ही नावे आजही रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत. त्या तटाच्या बुरुजावरून दूरवर धूळ उठलेली दिसली की दरवाजे लावायचे. वर उभा असलेला पहारेकरी गावचाच, पण तो पाहायचा ते दुसऱ्यासाठी. सामान्य कुणब्याची उंची म्हणजे शेतातले मचाण. ज्वारी हुरड्यावर आली की गोफण घेऊन त्यावर बसायचे, आणि रात्री डुकरांसाठी जागल करायची.

गावात मात्र एक उंची सगळ्यांची होती. धाब्याची घरे होती तेव्हा धाबे, पुढे सिमेंट आले तेव्हा गच्ची. मे महिन्यात जेवणे उरकली की गच्चीवर पाण्याचा सडा, त्यावर सतरंज्या, आणि पहाटे अंगावर येणारा गार झोत. त्या गच्चीवरून गाव दिसे. कुठे लाइट गेली, कुणाकडे मांडव पडला, कुठल्या बाजूला आग लागली, हे आधी गच्चीला कळे. आता बडनेऱ्यातही फ्लॅट झाले, गच्च्या उंच झाल्या आणि दारांना कुलपे आली. टाक्यांमध्ये कुणी काही टाकील, पोरे कठड्यावर चढतील, सोलरच्या काचा फुटतील अशी कारणे असतात आणि ती खोटी नसतात. इमारत पाच मजले वर गेली आणि तिच्यातला माणूस दोन मजले खाली आला, असे काहीसे झाले आहे.

16 एप्रिल 2025 ला बेलोऱ्याच्या विमानतळावर मुंबईचे पहिले प्रवासी विमान उतरले. अलायन्स एअरचे सत्तर-बहात्तर आसनांचे ते एटीआर विमान. या घटनेला नुकतेच वर्ष झाले. त्या दिवसापासून खिडकीच्या जागेवर बसलेल्या माणसाला बडनेऱ्याचे रूळ, मालगाड्यांच्या रांगा आणि काळ्या वावरांची वाकळ दोन-चार मिनिटे दिसू शकते. त्या दोन-चार मिनिटांना विमानाचे तिकीट लागते. बाकीच्यांनी खालून विमान पाहायचे.

विदर्भात सामान्य माणूस उंचावर चढतोच. पण कशासाठी? वर्तमानपत्रात दर दोन-तीन महिन्यांनी 'शोले स्टाईल आंदोलन' अशी बातमी येते. कुणी पाण्याच्या टाकीवर, कुणी मोबाइलच्या टॉवरवर चढून बसतो. विमा मिळाला नाही, पट्टा मिळाला नाही, पगार थकला, घरकुलाचा हप्ता अडला. खाली पोलीस, अग्निशमनवाले, तहसीलदार, आणि माना वर करून पाहणारी गर्दी. 1975 च्या चित्रपटातला तो दारुड्या वीरू मावशीला धमकावायला चढला होता. आमचा माणूस अर्जाचा आवक क्रमांक खिशात घेऊन चढतो. तो वर जातो ते पाहण्यासाठी नव्हे. खाली उभा असताना तो कुणाला दिसत नाही, म्हणून दिसण्यासाठी जातो. मंत्रालयात लोक वरच्या मजल्यांवरून उड्या घेऊ लागले म्हणून 2018 साली मधल्या मोकळ्या चौकात जाळी बांधावी लागली, तीही याच मालिकेतली. आपल्या राज्यात नागरिकाचा आणि उंचीचा संबंध असा झाला आहे, की माणूस वर दिसला म्हणजे काहीतरी बिघडले. हवाखान्याचा विचार करताना सुरक्षेच्या आधी ही गोष्ट आम्हाला आठवते. वर गेलेला माणूस शांतपणे कठड्याला टेकून नुसता पाहतो आहे, असे चित्र आपल्या गावात एकदा तरी दिसले पाहिजे.

मुंबईत हे चित्र कधीकाळी होते. विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर 1869 ते 1878 या काळात बांधला गेला, उंची 280 फूट. त्या काळी लोक त्यावर चढून शहर आणि समुद्र पाहत. पुढे तिथून पडून मृत्यू झाल्याच्या घटना घडल्या, 1891 मधल्या दोन पारशी तरुणींच्या मृत्यूने तर सारी मुंबई हादरली, आणि कालांतराने वरचा मार्ग लोकांना बंद झाला. टॉवरचा खर्च दिला प्रेमचंद रायचंद यांनी, आईचे नाव द्यायच्या अटीवर. त्यांचा पैसा आला कुठून? अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 मध्ये लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, हिंदुस्थानी कापसाचे भाव आभाळाला भिडले, त्या तेजीतून. आणि लिव्हरपूलच्या बाजारात या मुलखातल्या कापसाच्या एका जातीलाच 'ऊमरा' म्हणत, म्हणजे आपली उमरावती, आजची अमरावती. बडनेऱ्यावरून नागपूरकडे 1867 मध्ये रेल्वे गेली तीही पांढऱ्या सोन्याच्या वासानेच. त्या मनोऱ्याच्या दगडांत वऱ्हाडातल्या वेचणाऱ्या बायांचा किती वाटा, याचा हिशोब कुणी मांडलेला नाही. एवढे खरे, की कापूस इथून गेला आणि मनोरा तिथे उभा राहिला. टपरीवरच्या त्या तरुणाच्या बोलण्यात हा जुना हिशोब नकळत असावा, असे आम्हाला वाटते. मुंबईला आहे, मग आम्हाला का नाही?

तरीही त्याच्या चाळीस मजल्यांना आमचा विरोध आहे, आणि त्याचे पहिले कारण साधे भूमितीचे आहे. सपाट जागेवर उभे राहून क्षितिज किती लांब दिसते, याचा ठोकताळा असा: उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा, साडेतीनने गुणा, उत्तर साधारण किलोमीटरमध्ये येते. पंचवीस मीटरवरून, म्हणजे आपल्या पाण्याच्या टाकीच्या माथ्यावरून, क्षितिज सतरा-अठरा किलोमीटरवर जाते. शंभर मीटरवरून पस्तीस. म्हणजे उंची चौपट केली तेव्हा कुठे नजर दुप्पट लांबली. बडनेरा ते अमरावती अंतर दहा किलोमीटर. आपले सगळे शहर पाहायला पंचवीस-तीस मीटर पुरतात. न्यूयॉर्क किंवा मुंबईत वर जावे लागते कारण आजूबाजूच्या इमारती आडव्या येतात. वऱ्हाडात आडवे यायला आहे काय? निंब, बाभळी आणि होर्डिंग. सपाट मुलखाचे आपल्याला कायम कमीपण वाटत आले, पण पाहणाऱ्याला याहून सोयीची जमीन नाही.

आणि तेवढ्या उंचीवरून दिसेल तरी काय? थोडे थांबून हे डोळ्यांपुढे आणण्यासारखे आहे. पायाशी बडनेरा जंक्शन. रुळांच्या अलीकडे-पलीकडे नवी वस्ती आणि जुनी वस्ती, मुंबईकडून हावड्याकडे जाणारी मुख्य लाइन, तिच्यापासून फुटून अमरावतीकडे वळलेला फाटा आणि त्याच अंगाने पुढे मोर्शी-वरुडवरून नरखेडला गेलेली लाइन. नकाशावर चार रेघा दिसतात. वरून पाहिले की कळते, गाव रेल्वेभोवती कसे वेटोळे घालून वाढले आणि शाळेतल्या पोरांना रूळ का ओलांडावे लागतात. पूर्वेला पोहरा-मालखेडचे जंगल, शहराला इतके चिकटलेले की बिबट्या वसाहतीत आल्याची बातमी आता पहिल्या पानावर येत नाही. तिकडेच कोंडेश्वरची झाडी. वडाळी आणि छत्री तलाव, उन्हाळ्यात आटत चाललेले. पश्चिमेला भातकुली-दर्यापूरच्या अंगाने खारपाणपट्टा. जमीन तीच काळी, पण खालचे पाणी खारे, म्हणून विहिरींची हिरवळ एकाएकी विरळ होते. वरून ही सीमारेषा डोळ्यांना दिसू शकते. उत्तरेला, पावसाळा सरून आभाळ धुतलेले असते तेव्हा, गाविलगडच्या डोंगरांची निळी भिंत. आपले पाणी त्याच दिशेने येते, मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या धरणातून. आणि कुठेतरी सुकळीचा कचऱ्याचा डोंगर. तोही दिसलाच पाहिजे. पर्यटन महामंडळाच्या पत्रकात त्याचा फोटो नसेल; पण ज्या जिल्ह्यात गाडगेबाबा हातात खराटा घेऊन फिरले, तिथल्या हवाखान्यावरून कचरा झाकून ठेवायचे काही कारण नाही. शहराचा विकास आराखडा महापालिकेच्या भिंतीवर टांगलेला असतो, रंगीत ठिगळांचा, आणि तो कळायला अभियंता लागतो. तोच आराखडा खरा होऊन खाली पसरलेला दिसला, तर नाल्यावर प्लॉट कुणी पाडले हे सांगायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज लागणार नाही.

म्हातारबुवांच्या खड्ड्यांना हे आमचे उत्तर. खड्डा खालून एकेकच दिसतो. आपण आपल्या दारापुढचा पाहतो, नगरसेवकाला फोन करतो, त्यावर मुरूम पडतो. सगळ्या गावात पाणी कुठून कुठे वाहते आणि म्हणून रस्ता दरवर्षी त्याच जागी का उखडतो, हे वरूनच दिसते.

उंच इमारतीविरुद्ध बाकीची कारणे व्यवहाराची आहेत. बेलोरा विमानतळ बडनेऱ्याच्या अंगावर आहे. त्याच्या आसपास उंच काही बांधायचे तर विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो, आणि तो मनासारख्या उंचीला मिळेलच असे नाही. जमीन काळी, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. खालच्या खडकाला पाया टेकवावा लागतो. तंत्राने हे सगळे जमते. जमत नाही ते पुढचे. इमारत उभारायला निधी येतो, कोनशिला येते, नारळ येतो. लिफ्टच्या वार्षिक देखभालीला कोनशिला नसते. लिफ्ट बंद पडली की पहिले काही दिवस 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' अशी पाटी, मग पाटीवर धूळ, मग दाराला साखळी. वऱ्हाडात कुठल्याही सरकारी इमारतीत चार मजले चढून गेलेल्या माणसाला हे पुराव्यासकट माहीत आहे.

तिकिटांच्या उत्पन्नाचे गणितही तपासून घ्यावे. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत 1931 मध्ये मंदीच्या ऐन भरात उभी राहिली. जागा रिकाम्या पडल्या, लोक तिला रिकामी इमारत म्हणून चिडवू लागले, आणि सुरुवातीला तिला भाड्याइतकेच उत्पन्न शहाऐंशीव्या मजल्यावरच्या गॅलरीने मिळवून दिले. हे उदाहरण बिल्डर लोक आवडीने सांगतात. ते न्यूयॉर्क होते, हे सांगायचे राहून जाते. आपल्याकडे येणारे पर्यटक अंबादेवीचे दर्शन घेऊन चिखलदऱ्याच्या बसमध्ये बसतात. त्यांना वाटेत थांबवून तीन-चारशे रुपये घेऊन लिफ्टने वर नेण्याच्या भरवशावर कर्ज काढू नये.

चिखलदऱ्याचे नाव निघाले तर स्कायवॉकबद्दल बोललेच पाहिजे. गोराघाट ते हरिकेन पॉइंट, दरीवरून 407 मीटर लांब, काही भाग काचेचा. सिडकोचा हा प्रकल्प आहे आणि त्याच्या घोषणेबरोबर देशात पहिला, जगात अमुकावा असे क्रमांकही आले. मग वन आणि वन्यजीवांच्या परवानग्यांत काम अडकले, आणि पावसाळ्यामागून पावसाळे गेले. मेळघाट व्याघ्रप्रकल्प 1973-74 मधला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी. तिथे दरीवर तार ओढायची तर प्रश्न विचारले जाणारच. आमची शंका मात्र वेगळी आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर आहे. देवी पॉइंटला, गोराघाटला कड्याशी उभे राहिले की तीच दरी फुकट दिसते. तिथे उंची निसर्गाने आधीच दिली आहे. काचेवरून चालताना माणूस दरी पाहत नाही, स्वतःचे पाय पाहतो आणि सेल्फी काढतो. रोजगार येईल, दुकाने चालतील, ते व्हावे. कोरकू मुलामुलींना तिकीटखिडकीच्या आत जागा मिळावी, बाहेर कणसे भाजायला नव्हे. पण हवाखान्याची खरी गरज तिथे आहे जिथे कडा नाही, म्हणजे इथे, सपाटीवर.

क्रमांकांचे वेड आपल्याला जरा जास्तच आहे. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना हा 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकून गिनीज बुकात नाव गेले. काम करणाऱ्यांचा घाम खरा होता आणि कित्येक वर्षे रखडलेला रस्ता झाला, याचा आनंदही खरा होता. पण त्यानंतर जिल्ह्यातला कुठलाही प्रस्ताव 'सर्वांत' या शब्दावाचून पूर्ण होईना. हवाखाना सर्वांत उंच नसावा. तो सर्वांचा असला म्हणजे झाले.

सर्वांचा म्हणजे कसा, याचे दाखले जगात आहेत. तोक्योच्या शिंजुकू भागात तिथल्या महानगर शासनाची 1991 मध्ये वापरात आलेली इमारत आहे. तिच्या पंचेचाळिसाव्या मजल्यावर, 202 मीटरवर, कुणीही जावे, तिकीट नाही. जिथून शहराचा कारभार चालतो त्याच इमारतीच्या डोक्यावरून नागरिक शहर पाहतात, ही कल्पना आम्हाला फार आवडते. आपल्याकडे महापालिकेच्या वरच्या मजल्यावर काय असते? जुन्या फायली आणि मोडक्या खुर्च्या. लंडनमध्ये एका खासगी मनोऱ्याला नको त्या ठिकाणी बांधायची परवानगी मिळाली ती माथ्यावर लोकांसाठी बाग देण्याच्या बोलीवर. 2015 मध्ये बाग उघडली, फुकटही आहे. पण आधी वेळ राखून ठेवा, झडती द्या, आणि आत गेले की हॉटेलांची गर्दी. कबूल केलेली बाग ही नव्हेच, अशी टीका झाली. बिल्डरकडून शब्द घेताना तो नकाशावर, चौरस मीटरसकट घ्यावा, एवढा धडा त्यातून आपल्या नगररचना विभागाने घेतला तरी पुष्कळ.

जवळचा दाखला मुंबईचाच, आणि तो गगनचुंबी नाही. मार्च 2025 मध्ये मलबार हिलवर महापालिकेने झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी 485 मीटरची लाकडी पायवाट उघडली. टोकाला काचेचा सज्जा, तिथून गिरगाव चौपाटी दिसते. भारतीयांना तिकीट पंचवीस रुपये. भोवती देशातली महागड्यात महाग घरे, आणि मधून पंचवीस रुपयांत तोच समुद्र. चाळीस मजल्यांचे नाव न काढता हे झाले.

आमची सूचना याहूनही साधी आहे. बडनेऱ्यात पुढची पाण्याची टाकी बांधायची वेळ येईल तेव्हा तिला एक गोल सज्जा आणि एक लिफ्ट द्या. केंद्राच्या अमृत योजनेतून शहरोशहरी नव्या टाक्या उभ्या राहतात. खांब, पाया, जिना हा खर्च होतोच. स्वीडनमधल्या ऑरेब्रो गावाने 1958 मध्ये नेमके हेच केले. छत्रीसारखी 58 मीटर उंच टाकी, वर लिफ्टने जायचे, कॉफी प्यायची, गाव पाहायचे. तिचे नाव 'भूछत्र' अशाच अर्थाचे आहे. कुवेतने 1979 मध्ये समुद्रकाठी जे मनोरे लोकांसाठी उघडले त्यांच्या निळ्या गोळ्यांतही पाणीच साठवलेले आहे. वाळवंटातल्या देशाने पाण्याच्या टाकीला आपली ओळख बनवले. ज्या शहरात नळाला पाणी दिवसाआड येते, तिथे लोकांनी टाकीवर जाऊन तिच्यात किती पाणी आहे ते पाहिले तर बिघडले कुठे? साठवणीचा भाग बंदिस्त आणि सज्ज्यापासून वेगळा ठेवणे हे अभियंत्यांना नवे नाही. राहता राहिला वीरू. त्याच्यासाठी छातीपेक्षा उंच जाळी लावावी, आणि खाली त्याचा अर्ज घेणारा कारकून बसवावा.

लिफ्टचा आग्रह का, तेही सांगतो. अमरावतीत मालटेकडी आहे, तिथे चढून जाता येते, मग वेगळा खर्च कशाला, असे कुणी म्हणेल. टेकडी ज्याचे गुडघे धड आहेत त्याची. आमच्या ओळखीतल्या एक आजी पंचेचाळीस वर्षे बडनेऱ्यात राहिल्या; वावरात कापूस वेचला, गिरणीच्या भोंग्यावर स्वयंपाक केला, आणि गाविलगड एकदाही पाहिला नाही. चाकाच्या खुर्चीतल्या पोराला तर स्टेशनावरचा पूलसुद्धा उंच. उंच इमारतीच्या बाजूने बोलणाऱ्या तरुणाचा एक मुद्दा आम्हाला पूर्ण मान्य आहे, तो हा, की यंत्राने वर नेले तरच ती उंची सगळ्यांची.

सुरक्षेत मात्र एका पैशाची काटकसर नको. 4 डिसेंबर 1981 ला दिल्लीच्या कुतुबमिनारात दिवे गेले, अंधाऱ्या अरुंद जिन्यात घबराट झाली आणि पंचेचाळीस जीव गेले. बहुतेक सहलीला आलेली शाळेची पोरे. तेव्हापासून मिनाराचा जिना लोकांना बंद आहे. 29 सप्टेंबर 2017 ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर पावसाने माणसे खोळंबली आणि चेंगराचेंगरीत तेवीस जण दगावले. दोन्ही ठिकाणी उंचीने माणसे मारली नाहीत. मारले एकाच वाटेने चढण्या-उतरण्याने आणि मोजदाद नसण्याने. म्हणून दोन जिने, वीज गेली तरी जळणारे दिवे, आणि एका वेळी वर किती माणसे हे मोजणारा एक माणूस. तोच माणूस सगळ्यांत महत्त्वाचा आणि कंत्राटात पहिल्यांदा तोच कापला जातो.

तोवर एक गोष्ट बिनखर्चाची आहे. परकोटाचे जे भाग अजून उभे आहेत तिथली झाडोरी काढून, एखादा बुरुज दुरुस्त करून, रविवारी संध्याकाळी दोन तास उघडावा. आणि सरकारी इमारतींच्या गच्च्या. वर्षातून एक दिवस, महाराष्ट्र दिनीच म्हणा, झेंडावंदन झाल्यावर जिल्ह्यातल्या एका तरी कचेरीची गच्ची लोकांसाठी मोकळी करून, एखाद्या भूगोलाच्या मास्तरांना तिथे उभे करावे. पोरांना पूर्व कुठली, सिंभोरा कुठे, आपली शाळा कोणती, हे बोट दाखवून सांगायला.

आज पौर्णिमा आहे. दिवसभर वितळवणारे ऊन आणि रात्री, नेहमीप्रमाणे, साडेनऊच्या सुमारास वीज जाईल. लेख संपवून आम्हीही सतरंजी घेऊन आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जायचा बेत केला होता. दाराला कुलूप आहे. किल्ली सोसायटीच्या अध्यक्षांकडे असते, आणि ते लेकीकडे पुण्याला गेले आहेत, मृगापर्यंत.